बावीस-तीस

त्रिशलानं वही मिटली, पेन केसात खोचलं आणि म्हणाली, "अहो, गाडी ठीक आहे. तुम्हीच ठीक नाही आहात."

मी घामानं निथळत होतो. सकाळचे साडेसात वाजले होते. आम्ही बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात होतो. गेटपासून मागच्या गोदामापर्यंत तिथं पाऊण किलोमीटर सरळ डांबरी रस्ता होता, आणि वॉचमन माझ्याकडून लूना दुरुस्त करून घ्यायचा, म्हणून आम्हाला कुणी अडवत नसे. रस्त्यावर चुन्यानं दोन रेघा मारल्या होत्या. दोन रेघांत चारशे दोन मीटर. मी एका रेघेवरून सुटायचो, दुसऱ्या रेघेजवळ त्रिशला स्टॉपवॉच घेऊन उभी असायची आणि वेळ वहीत लिहायची. त्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या होत्या. सगळ्यात चांगली बावीस सेकंद आणि एक्केचाळीस शतांश, सगळ्यात वाईट साडेतेवीसच्याही वर.

"बावीस-एक्केचाळीस चांगली आहे की," मी म्हणालो.

"एकदा आली ती. परत आणून दाखवा."

माझी बायको जयसिंगपुरात प्राथमिक शाळेत शिकवायची. एकच उत्तर पोराला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं, तर त्या पोराला काय येतं हे तिला बरोबर कळायचं.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. माळवाडीच्या माळावर एक जुनी धावपट्टी आहे. पूर्वी तिथं विमान चालवायला शिकवायचे, नंतर ते बंद झालं. सैन्यातून निवृत्त झालेले मेजर शिंत्रे दर फेब्रुवारीत तिथं गाड्यांच्या शर्यती भरवायचे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, समोर दिव्यांचा खांब, हिरवा दिवा लागला की चारशे दोन मीटर सरळ पळायचं. जिचं इंजिन दांडगं ती गाडी जिंकणार हे ठरलेलंच, म्हणून आमच्यासारखे लोक नुसते बघायला जायचे.

त्या वर्षी मेजरसाहेबांनी एक नवा गट काढला. त्यात प्रत्येकानं आपल्या गाडीला किती वेळ लागणार तो आकडा आधीच काचेवर लिहायचा. जिचा आकडा मोठा, म्हणजे जी हळू, तिला दोन आकड्यांतल्या फरकाएवढी आधी सोडायची. दोन्ही गाड्या आपापल्या आकड्याप्रमाणे पळाल्या तर शेवटच्या रेघेवर दोघी एकदमच येणार. जी आधी येईल ती जिंकली. पण मेख अशी, की लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर तुम्ही बाद. म्हणजे मुद्दाम मोठा आकडा लिहून आधी सुटायची सोय नाही. आपली गाडी किती पळते हे ज्याला शतांशापर्यंत माहीत, त्याचा हा खेळ.

मी ते पत्रक वाचलं आणि माझ्या गॅरेजच्या शेडमागं उभ्या असलेल्या फियाटकडं बघितलं. सासऱ्यांनी वापरून वापरून मला दिलेली, पंचवीस वर्षांची, पांढरी. तिला कुणी हसलं तरी मला चालणार होतं. त्या गटात एक नाव आधीच पडलं होतं, आणि त्या नावासाठीच मला उतरायचं होतं. शांतिनाथ मगदूम. माझा थोरला भाऊ.

अण्णाची लाल एस्टीम आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. तिचं इंजिन त्यानं स्वतः तीनदा खोललं होतं. गाडीकाम मी त्याच्याच हाताखाली शिकलो, गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. सांगली रोडवर आमचं दोघांचं गॅरेज होतं. मग एक दिवस एका गिऱ्हाइकाची जीप आम्ही ऑइल बदलून दिली, ती हातकणंगल्याच्या पुढं गेली आणि इंजिन जाम झालं. खालचा बोल्ट सैल राहिला होता, सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. गिऱ्हाईक भांडायला आलं तेव्हा अण्णा त्याच्यासमोर म्हणाला, बोल्ट आवळायचं काम बाहूचं होतं, त्याच्याकडून राहिलं. बाहू म्हणजे मी, बाहुबली. मी म्हणालो, तूच मला म्हणालास की आवळलाय. तो म्हणाला, मी असं म्हणालोच नाही. चार माणसं ऐकत होती. मी माझी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो.

नांदणी नाक्यावर मी पत्र्याची शेड टाकली. आई अण्णाकडं राहायची. रविवारी रिक्षा करून ती माझ्याकडं यायची, दुपारभर बसायची आणि परत जायची. मी त्या घराची पायरी चढलो नाही. अशी तीन वर्षं गेली होती.

तर फियाट. तिच्यावर मी खर्च असा काही केलाच नाही. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, ज्याच्याशिवाय ती पळू शकेल ते सगळं काढलं. टायर चांगले टाकले, प्लग आणि पॉइंट स्वच्छ केले, ब्रेक चिकटत होते ते मोकळे केले. ॲक्सिलरेटरचा जुना दांडा खिळखिळा झाला होता. तो काढून मी त्या जागी स्कूटरच्या क्लचची वायर बसवली. ही माझी स्वतःची अक्कल होती आणि मला तिचं फार कौतुक होतं.

पण मी रोज वेग शोधत होतो आणि त्रिशलाला वेग नकोच होता. त्या सकाळनंतर तिनं मला नियमच घालून दिले. पेट्रोल दर वेळी दहा लिटर, ना कमी ना जास्त. टायरमध्ये हवा रोज सकाळी एकच. इंजिनच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेवर आल्याशिवाय सुटायचं नाही. दुसरा गिअर पस्तीसला, तिसरा साठला, चौथा पंच्याऐंशीला, मग कितीही जोर आला तरी तिथंच. आणि सुटायच्या आधी मनात एकदा सावकाश णमोकार मंत्र म्हणायचा.

"देवाला मध्ये कशाला?" मी विचारलं.

"देवाला नाही. तुम्ही दिवा लागायच्या आधीच दात आवळून बसता. म्हणताना तेवढा श्वास खाली बसेल."

पंधरा दिवसांत वहीतले आकडे एकमेकांजवळ आले. बावीस-अठ्ठेचाळीस. बावीस-बावन्न. बावीस-पन्नास. पुन्हा बावीस-पन्नास. तो दुसरा बावीस-पन्नास आला तेव्हा त्रिशला चुन्याच्या रेघेवर उभी राहून हसत होती. तिला तसं हसताना मी लग्नानंतर एकदोनदाच पाहिलं असेल. एवढी हळू गाडी घेऊन एवढा आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

शर्यतीच्या रविवारी सोळा गाड्या आल्या होत्या. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसं, उसाच्या रसाचे गाडे, भेळवाले. मी काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं बावीस-पन्नास लिहिलं आणि रांगेत लागलो तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मिरज स्टेशनला किती घेणार?" सगळे हसले. मीही हसलो. अण्णा आपल्या गाडीला टेकून उभा होता. तो हसला नाही. त्यानं एकदा फियाटकडं बघितलं, मग खाली वाकून तिच्या मागच्या टायरकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

पहिल्या फेरीत माझ्याशेजारी कोल्हापूरच्या एका तरुणाची मोठी गाडी होती. तिचा आकडा चौदा-वीस. म्हणजे मी सुटल्यावर त्याला आठ सेकंदांहून जास्त वेळ नुसतं थांबायचं होतं. फियाट घरघरत पुढं निघाली, लोक शिट्ट्या मारायला लागले आणि त्या पोराला थांबवेना. हिरवा लागायच्या आधीच तो सुटला. बाद. मला मात्र बावीस-त्रेपन्न लागले. दुसऱ्या फेरीतला माणूस स्वतःच्या आकड्यापेक्षा लवकर पोचून बाद झाला. मला बावीस-अठ्ठावन्न. तिसऱ्या फेरीत इस्लामपूरचे एक डॉक्टर होते, त्यांच्याशी खरी लढत झाली आणि मी जेमतेम बॉनेटभर पुढं राहिलो. मला बावीस-सहासष्ट लागले होते.

आता लोक हसत नव्हते. फियाट परत येताना रसवाल्यानं घंटा वाजवली. दर फेरीला वेळ थोडा थोडा वाढत होता. त्रिशला म्हणाली ऊन वाढतंय म्हणून असेल. मलाही तसंच वाटलं. फळ्यावर शेवटच्या फेरीची दोन नावं लागली होती. वर शांतिनाथ मगदूम, खाली बाहुबली मगदूम. मेजरसाहेबांनी भोंग्यावरून विचारलं, हे दोघे नात्यातले आहेत का? मी फियाटकडं वळलो.

गाडी सावलीत लावायची म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबला आणि तो पायाखाली मऊ झाला. पाय थेट पत्र्याला टेकला आणि इंजिन नुसतं फुरफुरत राहिलं. बॉनेट उघडलं. माझी लाडकी स्कूटरची वायर टोकाला तुटली होती.

दुसरी वायर मी आणलीच नव्हती. पाने, प्लग, पॉइंट, पट्टा, पंक्चरचं सामान असं सगळं होतं, वायर तेवढी नव्हती. मेजरसाहेबांनी वीस मिनिटं दिली. तोवर गाडी रेघेवर आली नाही तर अण्णा एकटाच पळणार आणि जिंकणार, असा नियम. त्रिशला जवळच्या स्कूटरवाल्यांना विचारत फिरत होती. मी तारेनं काहीतरी बांधायचा प्रयत्न करत होतो.

मडगार्डवर एक सावली पडली. अण्णा होता. त्याच्या हातात वेटोळं केलेली एक जाड, नवी वायर होती. त्याच्या पेटीत असलं सगळं असायचंच.

"सरक," तो म्हणाला.

तीन वर्षांत तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी बाजूला सरलो. तो वाकला, जुनी वायर ओढून काढली आणि उन्हात धरून बघितली.

"ही कसली?"

"स्कूटरच्या क्लचची."

"आणि हा क्लॅम्प कुणी लावला इथं?"

"मीच."

"दिसतंयच," तो म्हणाला आणि दहा नंबरचा पाना मागितला.

मी पाना दिला. त्यानं हात पुढं केला आणि बघितलंही नाही. पूर्वी गॅरेजात मी त्याच्या तळहातावर पाना नेमका ठेवायचो, तसाच ठेवला गेला. माझा क्लॅम्प त्यानं सोडवला आणि दोन बोटं मागं नेऊन लावला. वायर वळणं न घेता सरळ जाईल अशी ओढली. मग मला आत बसवलं आणि दाब म्हणाला. मी पेडल दाबलं. तो कार्ब्युरेटरमध्ये बघत होता. "अजून." पाय पत्र्याला टेकला. "हां. आता पूर्ण उघडतोय."

त्यानं माझ्याच फडक्याला हात पुसले आणि आपल्या गाडीकडं निघाला. चार पावलं गेला, थांबला, आणि मागं न बघताच म्हणाला, "बावीस-तीस लिही."

मी गाडीतच बसून राहिलो.

बावीस-तीस माझ्या गाडीला कधीच आलं नव्हतं. वहीतला सगळ्यात कमी आकडा बावीस-एक्केचाळीस होता, तोही गारव्यातला, सकाळचा, एकदाच आलेला. आता दुपारचे चार वाजले होते आणि धावपट्टी तापली होती. शिवाय हिशेब उघड होता. मी लहान आकडा लिहिला की मला आधी सुटायला मिळणार तो वेळ कमी होणार आणि अण्णाचा फायदा होणार. बावीस-तीस लिहून मला पुन्हा बावीस-पन्नास लागले तर मी हरणार, तेही सगळ्या माळासमोर.

त्रिशला धापा टाकत आली. तिला वायर मिळाली नव्हती. इथं काय झालं ते मी सांगितलं, आकडाही सांगितला.

"मग लिहा की."

"त्याला जिंकायचंय, त्रिशला."

"मग वायर कशाला दिली?"

मी म्हणालो, एकट्यानं पळून जिंकण्यात त्याला कसला मोठेपणा. त्याला मला हरवायचंय, सगळ्यांच्या देखत. बोलताना मला ते अगदी खरं वाटत होतं. त्रिशला पॉलिशची डबी माझ्या हातात देऊन म्हणाली, गाडी तुमची, भाऊही तुमचाच. मला भाऊजी खोटं बोलतील असं वाटत नाही.

मी काचेवर बावीस-पंचेचाळीस लिहिलं. तेवढं पाच शतांश कमी केलं ते नव्या वायरीच्या नावानं.

अण्णाच्या काचेवर पंधरा-साठ होतं. आम्ही रेघेवर आलो. एस्टीम माझ्या उजव्या हाताला होती. काच खाली होती, पण तो सरळ दिव्यांकडं बघत होता. काटा मधल्या रेघेवर होता. मी सावकाश णमोकार म्हटला. श्वास खाली बसला. पिवळे दिवे एकेक करून लागले, हिरवा लागला, आणि मी सुटलो. अण्णाला अजून सहा सेकंद आणि वर पंच्याऐंशी शतांश तिथंच थांबायचं होतं.

पस्तीसला दुसरा. काहीतरी वेगळं होतं. गाडी पुढं ओढत होती. तिचा आवाज असा होता की आजवर तोंडावर रुमाल धरून बोलणाऱ्या माणसानं तो रुमाल बाजूला केला असावा. साठ कधी आलं कळलं नाही. तिसरा. आरशात एक लाल ठिपका हलला. तिसऱ्या गिअरवर, अर्ध्याच्या थोडं पुढं, मला स्वच्छ कळलं की अण्णाचा आकडा खरा होता. ही गाडी बावीस-पंचेचाळीसची नाही. पाय जरासा उचलला असता, क्षणभर ब्रेकला टेकवला असता, तरी काम झालं असतं. डोक्यानं पायाला तसं सांगितलंही. पण आरशातला लाल ठिपका आता बॉनेट झाला होता, दिवे दिसत होते, आणि तो माझा भाऊ होता. पाय उचलला नाही. पंच्याऐंशी. चौथा. एस्टीमचा आवाज कानाशी आला आणि त्याच वेळी शेवटची रेघ चाकाखालून गेली. मी पुढं होतो. चांगली गाडीभर पुढं होतो.

माळावर एकच आरडाओरडा झाला. मी खिडकीतून हात बाहेर काढला. धावपट्टीच्या टोकाला गाडी वळवली आणि विजयाचा दिवा बघितला. तो माझ्या बाजूला लागला नव्हता.

वेळ लिहिलेली चिठ्ठी देणाऱ्या टेबलाशी मी थांबलो. तिथल्या बाईंनी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, थोडक्यात गेलं हो. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बावीस-एकतीस. लिहिलेल्या वेळेपेक्षा चौदा शतांश लवकर. बाद.

मी गाडी कडेला लावली आणि उतरलो. माळावर वारा सुटला होता. त्रिशला चालत चालत आली, चिठ्ठी वाचली आणि वही उघडली. तिला काय करायचंय ते मला कळेना. अण्णाच्या चिठ्ठीवर पंधरा-त्रेसष्ट होतं हे तिनं येतानाच विचारून घेतलं होतं. आपापला हिरवा लागल्यावर दोघं जवळजवळ सारखेच चटकन सुटलो होतो. तिनं आकडे एकाखाली एक मांडले, वजाबाकी केली, पुन्हा तपासली आणि वही माझ्यापुढं धरली.

"तुम्ही बावीस-तीस लिहिलं असतं," ती म्हणाली, "तर बादही झाला नसता आणि दोन शतांशांनी तुम्ही जिंकला असता."

मी ती वजाबाकी पुन्हा करून बघितली. अण्णानं मला जो आकडा सांगितला होता, तो त्यालाच हरवणारा होता.

तेवढ्यात तो आला. हातात हेल्मेट, कपाळावर त्याची खूण. त्यानं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचली. त्याला चष्म्याची गरज पडायला लागलीय हे मला तेव्हा दिसलं. तीन वर्षांत त्याच्या कानशिलावरचे केसही पांढरे झाले होते.

"बावीस-एकतीस," तो म्हणाला. "एका शतांशानं चुकलो."

मला हसू आलं. मग मी फियाटचं बॉनेट उघडून उगाच आत बघायला लागलो. थोड्या वेळानं विचारलं, तुला कसं कळलं?

त्यानं सरळ सांगितलं. तिन्ही फेऱ्या त्यानं ऐकल्या होत्या. शेवटच्या शंभर मीटरला गाडीचा आवाज मोकळा होत नव्हता, म्हणजे कार्ब्युरेटर पूर्ण उघडत नाही. दर फेरीला आवाज आणखी दबत होता, म्हणजे वायर ताणतेय. किती दबतोय यावरून किती शिल्लक आहे याचा त्यानं अंदाज बांधला.

"आणि मी पाय पूर्ण दाबतोय हे कशावरून? मीच कमी दाबत असलो तर?"

"तू?" अण्णा म्हणाला. "तुझा पाय मला ठाऊक हाय की. मीच शिकवलाय."

लोक पांगायला लागले होते. भोंग्यावरून मेजरसाहेब बक्षीस घ्यायला विजेत्याला बोलवत होते. अण्णा हलला नाही. मग मी ते बोललो. तीन वर्षं मी जे स्वतःला सांगत आलो होतो ते ती वजाबाकी बघितल्यापासून जागेवर राहिलं नव्हतं. जीपखाली मी झोपलो होतो, बोल्ट हातानं फिरवून बसवला होता, आणि पाना घ्यायला उठलो तेव्हा बाहेरून कुणीतरी हाक मारली होती. हे मला कायम आठवत होतं. त्याच्यापुढचं मी कधी आठवू दिलं नव्हतं.

"अण्णा, त्या जीपचा बोल्ट माझ्याकडनंच राहिला असणार."

"असणार न्हाई. राहिला." तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाला, "पण मी गिऱ्हाइकाच्या समोर बोलायला नको हुतं. आत बोलवून सांगायचं हुतं. ते माझं चुकलं."

मग त्रिशला म्हणाली, भाऊजी, बक्षीस घेऊन या लवकर, आई दिवस मावळायच्या आत जेवतात. आम्हाला पोचायचं असेल तर आत्ताच निघायला पाहिजे. तिनं 'आम्हाला' म्हटलं आणि माझ्याकडं बघितलंही नाही. कुठं पोचायचंय हे मीही विचारलं नाही.

पुढं लाल एस्टीम आणि मागं आमची फियाट, असे आम्ही माळ उतरलो. अण्णा एवढा हळू चालवत होता की एक दूधवाला मोटारसायकलवरून त्याला ओलांडून गेला.

घराच्या दारात तुळशीजवळ आई गहू निवडत बसली होती. एका मागोमाग एक दोन गाड्या थांबल्या, मी उतरलो, आणि तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, हातपाय धुऊन घ्या, ऊन उतरलंय. वहिनींनी आत आणखी दोन पाट मांडले. आमटी, भाकरी, वांग्याची भाजी. खिडकीतून अजून पिवळं ऊन ताटात येत होतं.

"मग?" आईनं विचारलं. "कोण जिंकलं?"

"अण्णा," मी म्हणालो.

"रेघेवर आधी बाहू आला," अण्णा म्हणाला.

आईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग तिला समजावून सांगायचं काम सुरू झालं. अण्णानं लोणच्याची बरणी आणि मिठाची वाटी घेतली, बरणी म्हणजे एस्टीम आणि वाटी म्हणजे फियाट, आणि पाटावरून ती पळवून दाखवली. मी आकड्यांचं सांगितलं. त्रिशलानं वजाबाकीचं सांगितलं. वहिनींना अर्ध्यात समजलं आणि त्याही सांगायला लागल्या. आई शांतपणे जेवत होती. शेवटचा घास खाऊन तिनं पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि मिठाच्या वाटीकडं बोट केलं.

"म्हणजे हा ठरल्यापेक्षा लवकर आला म्हणून हरला?"

"हां," अण्णा म्हणाला. "तेवढंच."

"तीन वर्षांनी घरात पाय ठेवलाय ह्यानं," आई म्हणाली, "आणि तुम्ही म्हणताय लवकर आला."

अण्णाला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिलो, आणि बाहेर दिवस मावळला.